मिस लोरेन यांचे तीन शनिवार

तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसला जायला गॅरेजमधून गाडी काढत होते, तेवढ्यात शेजारच्या मिस लोरेन यांचा भाचा हातानं 'थांब' अशी खूण करत आला. मी काच खाली केली. "आंट लोरेन आज पहाटे गेली," एवढंच म्हणाला... ब्याऐंशी वर्षांचं वय, थकलेलं हृदय, सगळं ठाऊक होतं. तरी गाडी बंद करून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. अकरा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या या कॅरी गावात घर घेतलं, तेव्हा केक घेऊन पहिल्यांदा दार वाजवलं होतं ते त्यांनीच. केकसोबत कचऱ्याची गाडी कधी येते तेही सांगून गेल्या.

त्या निवृत्त केमिस्ट्री टीचर. माझी मुलगी इरा त्यांच्याकडे शिकायला जायची, आणि शिकवता शिकवता त्या आपल्या कॉलेजच्या दिवसांबद्दल सांगायच्या. तेव्हा दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांना बसता यायचं, त्यांच्यासारख्या कृष्णवर्णीयांना नाही. मिस लोरेन आणि चार मैत्रिणींनी तिथे जाऊन बसायचं ठरवलं. पण आधी चर्चच्या तळघरात कित्येक आठवडे सराव केला. मैत्रिणीच केस ओढायच्या, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायच्या, नको नको ते बोलायच्या. जिचा पारा चढला, ती नापास. "मी दोनदा फेल झाले, हनी," हे त्या फार अभिमानानं सांगत. मग एक दिवस चर्चला जायचे ठेवणीतले कपडे घालून, केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन त्या काउंटरवर बसल्या आणि अदबीनं कॉफी मागितली. मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत अभ्यास करत बसल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. कुणीतरी पुस्तकावर मिल्कशेक ओतला, तर पान पुसून पुढचं उलटलं. काही महिन्यांनी ते काउंटर सगळ्यांसाठी खुलं झालं. मी हे सगळं 'किती ग्रेट' म्हणत ऐकलं आणि पोळ्या लाटायला घरी आले.

पुढे आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. मिस लोरेन दर शनिवारी चहाला यायच्या. आईनं त्यांना चहा दिला तो कागदी कपात. बाकी सगळ्यांना आमचे नेहमीचे निळ्या काठाचे कप. मिस लोरेन यांनी कपाकडे पाहिलं, "थँक यू, मॅम" म्हणाल्या, पर्समधून शब्दकोडं काढलं आणि तासभर सोडवत बसल्या. चहाला हातही लावला नाही. मला वाटलं, आलं जास्त झालं. पुढच्या शनिवारी मी आलं निम्मं घातलं. पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी घातलंच नाही. त्या आल्या, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, कोडं सोडवलं, गेल्या. इरा माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, इट्स नॉट द टी. लुक ॲट द कप."

खरं सांगायचं तर तो कप मला पहिल्याच शनिवारी दिसला होता. आईशी वाद नको, म्हणून मी आल्यावर खापर फोडलं. माझ्या या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते. त्या आठवड्यात मी आईसमोर बसले आणि काउंटरची सगळी गोष्ट तिला सांगितली. "आणि आई, तेच त्या आपल्या घरात करतायत."

"म्हणजे मी ते दुकानवाले?" आई म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या शनिवारी तिनं स्वतः चहा केला. मिस लोरेन यांच्यासमोर निळ्या काठाचा कप ठेवला आणि स्वतः कागदी कप घेऊन बसली. मिस लोरेन उठल्या, कपाटातून दुसरा निळा कप काढला आणि आईचा चहा त्यात ओतला. मग आपल्या कपातला घोट घेऊन म्हणाल्या, "नीड्स मोर जिंजर." आम्ही सगळ्या इतक्या हसलो, की आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं हसण्याचं किती, ते मी विचारलं नाही.

पुढे एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही सरळ बोलला का नाहीत? "बोलले असते तर तिनं सॉरी म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "मला सॉरी नको होतं. मला चहा हवा होता." गप्प बसण्याचे दोन प्रकार असतात, एक माझा आणि एक त्यांचा, हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांचे उपकार मी कशानंही फेडू शकणार नाही.

त्या गेल्या त्या दिवशी संध्याकाळी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. बातमी ऐकून आई म्हणाली, "आपल्या शांताबाईचा कप खिडकीत वेगळा असायचा, आठवतो?"

भांडी घासायला येणाऱ्या शांताबाई. आठवत होता. लहानपणी रोज पाहिलेला, आणि त्यात कधी काही वावगं न वाटलेला.

"तुझ्याकडून परत आले आणि तो फेकून दिला. टेबलाशी बस म्हटलं तर ती बसेना. मग मीच पाट घेऊन मोरीपाशी तिच्याजवळ बसले. रोज. महिन्याभरानं आली टेबलाशी. ऐकून राहिली ना तू?"

"आई, पाच वर्षं झाली याला. मला कधी बोलली नाहीस?"

"काय सांगायचं, बाई? हे कळायला पन्नास वर्षं लागली, हे सांगायचं?"