शिवकन्येचे बूट आणि मॅडमचे पाय

माझं अक्षर खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हे मी कुणाला दाखवणार नाही, पण कधी कुणी वाचलंच तर चुका सोडून द्याव्यात. चारचौघांत बोलायची मला लाज वाटते, लिहायची तेवढी वाटत नाही.

नांदेडच्या मैदानावर अकराच्या सुमारास बिराजदार मॅडमनी शिवकन्येला विचारलं, "बूट कुठंयत?"

"लातूरला."

"लातूरला कुठं?"

"हॉस्टेलमधी. खाटंखाली."

"मग तू इथं कशाला आलीस? पोळ्या लाटायला?"

पोळ्या लाटायला मी होते. लातूरच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या हॉस्टेलची मेस मी सांभाळते. बास्केटबॉलची टीम बाहेर निघाली की मीही जाते, कारण मुलींबरोबर मॅडमशिवाय आणखी एक बाई लागते. कागदावर मला लेडी अटेंडंट म्हणतात. पाणी, पट्ट्या, पिशव्या, रडणं, सगळं माझ्याकडे.

बिराजदार मॅडम आमच्या कोच. त्या आल्या तेव्हा कॉलेजात एक बॉल होता आणि तोही बसलेला. मुली पंजाबी ड्रेसवर, चपला घालून मुरमाच्या मैदानात खेळायच्या. आता ऑफिसच्या कपाटात जिंकलेल्या ढाली मावत नाहीत. मॅडमच्या हाताखालच्या मुली पोलिसात लागल्या, शाळांत पीटी शिकवायला लागल्या. हे सगळं मॅडमनी रागावून केलं. त्यांचं रागावणं मेसपर्यंत ऐकू येतं.

त्या दिवशी विद्यापीठाच्या कॉलेज-कॉलेजच्या स्पर्धेची सेमीफायनल सकाळी आणि फायनल दुपारी होती. सकाळची मॅच सोपी, म्हणून मॅडमनी शिवकन्येला बसवून ठेवलं होतं. ती आम्ही जिंकलो. ट्रॅकसूटच्या लांब पँटमध्ये तिचे पाय कुणाला दिसले नाहीत. मला मात्र पहाटे जीपमध्ये चढतानाच दिसले होते. पण त्या दिवशी घट बसले होते. नवरात्रात आमच्याकडे निम्मं गाव अनवाणी चालतं. अनवाणी पाय बघून कोण विचारतं, बूट कुठंयत म्हणून?

शिवकन्या किल्लारीकडची. आईबाप नाहीत, आजीनं वाढवलेली. आजी देवीला नवस बोलली होती की नात कॉलेजात गेली तर कॉलेज संपेपर्यंत दर नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहील. म्हणजे नवस आजीचा आणि पाय नातीचे. आधीच्या दोन वर्षांत स्पर्धा नवरात्रात आली नव्हती. यंदा पावसानं तारीख पुढं गेली आणि बरोबर घटस्थापनेवर येऊन बसली.

"मॅडम, मी अशीच खेळते की," शिवकन्या म्हणाली. "गावात अशीच खेळले."

मॅडम रेफ्रींकडे गेल्या. रेफ्री म्हणजे मॅचचे पंच. ते म्हणाले, "बुटाशिवाय मी कुणाला कोर्टवर घेणार नाही. उद्या पाय मोडला तर तुम्हीच मला विचाराल."

ते चुकीचं बोलत नव्हते. पण शिवकन्या आमची सेंटर. सेंटर म्हणजे रिंगच्या खाली उभी राहणारी सगळ्यांत उंच मुलगी. नेम चुकून परत आलेला बॉल तिनं वरच्यावर धरायचा, त्याला रिबाउंड म्हणतात. शिवाय फायनल बघायला निवड करणारे लोक येणार होते. त्यांनी निवडलं तर विद्यापीठाच्या टीममधून दुसऱ्या राज्यात खेळायला मिळतं. शिवकन्येचं तिसरं वर्ष. तिला पुन्हा ही संधी नव्हती. आणि बसलेल्या मुलीला कोण निवडणार?

"नवस मोडू नको," मॅडम तिला म्हणाल्या, "पण आजीला फोन लाव."

मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. मला वाटलं, आता तासभर समजूत काढावी लागणार. मॅडमनी सगळं सांगितलं. आजी ऐकून घेत होती. मागे शेळी ओरडत होती.

"मंग त्यात काय," आजी म्हणाली. "सून बाळंतीण आसली की जाऊ चालती तिच्या जागी. पन घरची बाई पायजे. तिथं घरचं कोन हाय?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "आजी, मी चालते."

"तुमी कोन?"

"तिची कोच. मॅडम."

"मास्तरीन व्हय? तुमी घरच्या कशा?" आजी म्हणाली. "तिला रागावता का?"

"रोज."

"रोज? कामून?"

"पळत नाही म्हणून."

"हाव, आळशीच हाय ती. मारलं का कधी?"

"नाही, आजी."

"मंग चालतंय. रोज रागावती ती घरचीच. पन बाई, नऊ दिस हं. एका मॅचीचं नसतंय. पायाला सवय हाय का?"

"नाही."

"हुईल," आजी म्हणाली आणि फोन ठेवला.

मॅडमनी तिथंच बूट-मोजे काढून माझ्या हातात दिले. ते शिवकन्येच्या पायात शिरेनात. बाकी कुणाचेही बसेनात. तिला नऊ नंबर लागतो. मॅडमच्या फोनमधून पैसे जाईनात, आणि त्यांना कोर्ट सोडून निघताही येत नव्हतं. माझ्याकडे टीमच्या रात्रीच्या जेवणाचे पैसे होते.

"मावशी, जा. मी बघते नंतर," मॅडम मला म्हणाल्या.

शिवकन्येला घेऊन मी रिक्षानं बाजारात गेले. दुकानदाराशी घासाघीस करणं माझ्यानं होत नाही, मी नुसती उभी राहिले. दुकानातले चाचा शिवकन्येच्या पायाकडे बघून म्हणाले, "नौ नंबर? लेडीज में मिलताच नै, बेटी. जेन्ट्स का देतूं. मगर ये नंगे पाँव कायकू?"

शिवकन्येनं सांगितलं. चाचांनी तिचा पाय ओल्या फडक्यानं पुसला आणि बूट चढवून स्वतः नाड्या बांधल्या. "अठराशे का है. पंधराशे देव. जीत के आव."

अडीच वाजता फायनल सुरू झाली. नांदेडचं कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. ऑक्टोबरचं ऊन. खेळाडूंच्या पायात बूट होते. मॅडम कडेला अनवाणी.

पहिल्या पाच मिनिटांतच मॅडम एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागल्या. मी एक गोणपाट भिजवून आणलं. मॅडम म्हणाल्या, "हे आजींना चालतं का विचार आधी." मी कोपऱ्यात जाऊन फोन केला.

"गोनपाट चालतंय," आजी म्हणाली. "पन चप्पल न्हाई. कोन पुढं हाय?"

"ते पुढं आहेत, आजी."

"मंग मास्तरनीला म्हनावं, रागाव की तिला!"

मी निरोप दिला. मॅडम रागावल्या. "शिवकन्ये, नवे बूट काय मिरवायला घेतलेत का? उडी मार!"

शिवकन्या उडी मारायला लागली.

समोरच्या टीमच्या सरांनी रेफ्रींना हाक मारली. "अहो, ह्यांच्या मॅडम अनवाणी आहेत!"

रेफ्री म्हणाले, "सर, नियम प्लेअरच्या पायांचा आहे. तुम्ही तुमच्या प्लेअर बघा."

सरांचं समाधान झालं नाही. मॅडम पाय बदलत होत्या, सरांना वाटलं ही काहीतरी खूण आहे. डावा पाय उचलला की आमच्या मुली डावीकडून येणार, असं त्यांनी आपल्या मुलींना सांगितलं. त्यांची कॅप्टन पुढचा सगळा वेळ मॅडमच्या पायांकडे बघत खेळली. आमचे आठ पॉइंट तिथंच झाले.

शेवटी मॅच बरोबरीत असताना मॅडमनी टाइम-आउट घेतला. टाइम-आउट म्हणजे मिनिटभर खेळ थांबवून मुलींशी बोलणं. एव्हाना गोणपाट वाळून कडक झालं होतं. मुली नेहमी मॅडमच्या समोर उभ्या राहतात. त्या वेळी सगळ्या एकाच बाजूला येऊन दाटीनं उभ्या राहिल्या. मला आधी कळलं नाही. मग दिसलं, त्यांची सावली मॅडमच्या पायांवर पडली होती. मॅडमनी खाली बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? रिंगकडे बघा."

पुढचा चुकलेला बॉल शिवकन्येनं दोघींच्या डोक्यावरून काढला आणि तसाच रिंगमध्ये घातला. आम्ही दोन पॉइंटनी जिंकलो. निवड समितीतल्या बाईंनी तिचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. विद्यापीठाच्या यादीत ते आलंही.

रात्री जेवायला पुरतील एवढे पैसे उरले नव्हते. केळी आणि शेंगदाणे घेतले. निम्म्या मुलींना उपवास होताच, बाकीच्यांना आपोआप घडला.

मॅडमच्या तळव्यांना फोड आले. तरी नऊ दिवस पुरे होईपर्यंत त्या कॉलेजात अनवाणी आल्या. प्रिन्सिपॉल सरांनी विचारलं, "मॅडम, हे काय?"

"सर, सब्स्टिट्यूशन आहे," मॅडम म्हणाल्या. म्हणजे बदली खेळाडू.

मला मात्र हेडक्लार्क भाऊसाहेबांनी धरलं. "मावशी, जेवणाच्या पैशात बुटाची पावती? बूट खाल्ले का पोरींनी?" मॅडम मागून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पगारातून कापा." भाऊसाहेब मान हलवून लिहायला लागले.

ह्यातून एक शिकलो. आता स्पर्धेचं पत्र आलं की मॅडम पहिली मॅच कुणाशी हे बघत नाहीत. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतात. मग मला विचारतात, "मावशी, ह्या दिवशी काय काय असतं?" मी सांगते. आणि जीपमध्ये चढताना मुलींच्या तोंडाआधी पाय बघते.

दिवाळीनंतर सोयाबीन विकून आजी लातूरला आली. पहिल्यांदाच आली होती. मॅडमना बघून म्हणाली, "ही व्हय? मला वाटलं लई धिप्पाड आसल." मग खाली वाकून मॅडमचे पाय बघितले, अंगठ्यानं दाबून बघितले. "आता झाले गावाकडच्यावानी."

तिनं कमरेची पिशवी सोडली. मॅडम नको म्हणाल्या. आजी म्हणाली, "पाय तुमचे घेतले, ते देवीचं. बूट नातीचे हायत, ते माजं." मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. बुटांची किंमत मीच आजीला फोनवर सांगितली होती. आजीनं नोटा टेबलावर मांडल्या, एक फाटकी होती ती बदलून दुसरी ठेवली. पंधराशे पूर्ण झाले.