राईची पारख

त्या संध्याकाळी आम्ही मटार सोलत होतो. म्हणजे येसू चुलीपाशी पाटावर बसून सोलत होती आणि मी उभ्यानंच मूठभर शेंगा घेऊन दाणे वरून तिच्या परातीत टाकत होतो. अर्धे बाहेर उडायचे. ती म्हणाली, "अहो, बसा की जरा. कोंबड्यांना दाणे टाकताय का?" मी म्हटलं, "बसतो." आणि दाराची कडी बघून आलो. मग उगाच अंगणात जाऊन आलो. शेंगा मीच नया बाजारातून आणल्या होत्या, जरा जास्तच आणल्या. ती म्हणाली, "एवढ्या कोण खाणार? राई असती तर तिनं सालंसुद्धा ठेवली नसती." तीस वर्षांनी तिनं राईचं नाव काढलं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली…

पहाटे ती उठली नाही. त्याला आज सव्वा महिना झाला. तेव्हापासून मी एका जागी थांबत नाही. खासगी बाजारापर्यंत जातो, परत येतो, माधवगंजात जातो, देवळाच्या पायरीपर्यंत पोचतो आणि पायरीवर न टेकता फिरतो. शेजारचे मास्तर म्हणाले, "मोरेकाका, गेलेल्या माणसाबद्दल पेपराच्या पुरवणीत छापतात. लिहा, बरं वाटेल." बरं काही वाटत नाही. मी चार इयत्ता शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी सुधारलं, बाकी कुठं हात लावू दिला नाही. माझी येसू फार सोशिक होती, देवमाणूस होती, असं लिहायचं असतं. ती सोशिक नव्हती. तोंडानं तिखट होती. पण एक गोष्ट तिनं तीस वर्षं पोटात ठेवली आणि ती गोष्ट माझी होती. ती लिहितो.

मी एका सरदारांच्या शिकारखान्यात होतो. कुत्री सांभाळायची, खायला घालायचं, शिकारीला न्यायचं. ही पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. सरदारसाहेबांची एक विलायती कुत्री व्याली. सात पिल्लं. सगळ्यात लहान मरायला टेकलेलं. सरदारसाहेब म्हणाले, "मोरे, हिला घरी घेऊन जा. जगली तर जगली." पांढऱ्या अंगावर बारीक काळे ठिपके, जणू राई सांडलेली. साहेबांनी वहीत कसलंसं इंग्रजी नाव लिहिलं होतं, ते कुणालाच म्हणता येत नव्हतं. येसूनं राई म्हटलं आणि तेच राहिलं. शेळीच्या दुधात फडक्याचं टोक बुडवून ती तिला पाजायची. मी म्हटलं, "एवढं आपल्या लेकीचंही केलं नव्हतंस." तर म्हणाली, "लेक रडून मागत होती. हिला रडायचीही ताकद नाही."

शिकारी कुत्र्याचं खरं काम असतं ते दातांचं. पडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, पण दात लागू द्यायचा नाही. आम्ही हे शिकवायला महिने घालवायचो, छडी घ्यायचो. येसूनं कणकेच्या गोळ्यावर शिकवलं. पाटावर बसून पोळ्या लाटता लाटता एक गोळा अंगणात टाकायची आणि म्हणायची, "आण." राईनं तो तिच्या ओंजळीत ठेवला की उजेडात धरून बघायची. दात उमटलेला दिसला की तिच्याशी बोलणं बंद. छडी नाही, काही नाही, नुसतं तोंड फिरवायची. कुत्रीला ते छडीपेक्षा लागायचं, मलाही लागायचं म्हणून मला माहीत आहे. पुढं गोळ्याच्या जागी कच्चं अंडं आलं. दोन फुटली. तिसरं राईनं अख्खं अंगण ओलांडून आणलं आणि येसूच्या मांडीत ठेवलं. नत्थू म्हणून माझ्या जोडीला होता, तो बघून म्हणाला, "भाभी, हमारी तनख्वाह आप ले लो."

पण एक झालं. येसू बसून शिकवायची, म्हणून राई बसलेल्या माणसालाच द्यायची. उभ्या माणसासमोर ती तोंडात धरून थांबे, वर बघे, आणि तो खाली बसेपर्यंत सोडत नसे. मी ती खोड मोडायला बघितली. मोडली नाही. उभा माणूस म्हणजे निघालेला माणूस, असं काहीतरी तिच्या डोक्यात असावं.

वर्षाच्या आतल्या कुत्र्यांची थंडीत पारख व्हायची. बंदुकीला भिते का, नाकानं शोधते का, आणि मालकाच्या माणसाच्या हातात पक्षी आणून देते का, एवढंच बघायचे. पास झाली तर राई माझ्याच हाताखाली राहणार होती, रात्री आमच्याच घरी झोपणार होती. नापास झाली तर शिवपुरीकडच्या एका जागीरदाराकडं जायची, तिथं कुत्री राखणीला साखळीवर बांधत. येसूला हे ठाऊक होतं. त्या सकाळी राईच्या गळ्यातला पट्टा तिनं तीनदा सैल केला, तीनदा घट्ट केला. मला म्हणाली, "तिचं तिला सगळं येतं. तुम्ही फक्त बसा. ध्यानात राहील ना?"

"राहील, राहील," मी म्हटलं.

"शपथ?"

"अगं, बसायला कसली शपथ लागते!"

सांक नदीच्या काठी कमरेएवढं गवत होतं. दव पडलेलं. सरदारसाहेब आणि पाहुणे खुर्च्यांवर, बाकी आम्ही सगळे उभे. एक गोरा साहेब परीक्षक, हातात वही. इथं एक सांगितलं पाहिजे, म्हणजे आजच्या माणसाला कळेल. मालक समोर असताना आम्ही बसत नव्हतो. भाला लागलेला माणूससुद्धा उभाच राहायचा. माझे वडील फौजेत होते, ते म्हणायचे, मालकापुढं बसलेला माणूस उठतो तो नोकरी सोडूनच. हे माझ्या हाडात होतं.

बंदुकीच्या आवाजाला राईनं कान हलवला, बस. तितर पडला तिथं दुसरी कुत्री दोनदा चुकून आली होती. राई सरळ गेली आणि सरळ घेऊन आली. माझ्या समोर उभी राहिली. तोंडात तितर, डोळे माझ्या डोळ्यांत. मी हात पुढं केला. ती थांबली. मी वाकलो. ती थांबलीच. मागून नत्थू पुटपुटला, "बैठ जा भैया… अरे बैठ जा!" सगळे बघत होते. दोन गुडघे मोडायचे होते, एवढंच काम. माझे मोडले नाहीत.

मग राईनं माझ्याभोवती एक फेरी मारली, इकडं तिकडं बघितलं, आणि चालत गेली सरदारसाहेबांच्या खुर्चीकडं. तितर त्यांच्या मांडीत ठेवला. सगळे हसले. सरदारसाहेबही हसले, "मोरे, ही तुझ्यापेक्षा शहाणी निघाली! मालक ओळखते!" त्यांनी तितर उचलून बघितला. एक पीस वाकडं नव्हतं. गोऱ्यानं मान हलवली. ज्यानं कुत्री सोडली त्याच्या हातात दिला नाही, म्हणून नापास. सरदारसाहेबांनी विचारलं, "असं का केलं रे हिनं?" तेव्हाही सांगता आलं असतं. मी हात जोडून म्हटलं, "मालूम नहीं, हुजूर."

घरी आलो तर येसू दारात. माझ्या हातात नुसती दोरी. तिनं एकच विचारलं, "बसला होतात ना?"

मी म्हटलं, "बसलो होतो. तरी नाही दिला. खुर्चीवाल्याकडं गेली."

तिनं माझ्या हातातली दोरी घेतली. मग म्हणाली, "मग माझंच काही चुकलं असेल." आणि कपडे धुवायला मागितले.

त्यानंतर दोनदा साहेबांनी अशक्त पिल्लं पाठवली. तिनं दोन्ही परत केली. "मला नाही जमत ते," म्हणायची. मी ऐकून घ्यायचो. पुढं लेक सासरी झाशीला गेली, शिकारखाना मोडला, नत्थू गेला, आणि आता ही दुसरी लढाई, रॉकेल चिठ्ठीवर. ते वाक्य मात्र घरात तसंच राहिलं… माझंच चुकलं असेल. मी सांगणार होतो. दिवाळीला सांगू, लेकीचं लग्न उरकलं की सांगू.

तर त्या संध्याकाळी मटार सोलता सोलता तिनं राईचं नाव काढलं आणि खाली बघतच म्हणाली, "त्या दिवशीची तुमची विजार मी धुतली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, कुसळं. मागं एक डाग नव्हता."

मी म्हटलं, "मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही सांगाल. आज नाही तर उद्या."

"आणि ती पिल्लं? ती का परत केलीस?"

"तुम्ही पुन्हा उभेच राहिला असतात."

रागानं म्हणाली नाही. मटाराला कीड आहे म्हणावं तसं म्हणाली. मग परात माझ्याकडं सरकवली, "बसा आता. एवढ्या राहिल्यात, दोघं मिळून लवकर होतील." आणि मी काय केलं? म्हटलं, "कडी लावून येतो." कडी लावलेलीच होती. परत आलो तोवर तिनं शेंगांची टोपली झाकून ठेवली होती. "उरलेल्या सकाळी," म्हणाली.

सकाळी तर तिला न्यायची तयारी चालली होती. दिवसभर माणसं, मीही त्यांच्यात उभा. रात्री लेक आली, रडून रडून झोपली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना स्वयंपाकघरात गेलो. चूल गार. टोपली झाकलेली तशीच. तिच्या पाटावर बसवेना, म्हणून पाट बाजूला केला आणि खाली जमिनीवर बसलो. गुडघे कडकडले. शेजारीण चहा घेऊन आली, म्हणाली, "काका, सुतकात हे कशाला करून राहिलात? द्या इकडे." मी दिली नाही टोपली. एक एक शेंग सोलली, दाणा बाहेर जाऊ दिला नाही. संपल्यावर भिंत धरून उठलो. धोतराला मागं चुलीची राख लागली होती. शेजारीण झटकायला आली. मी म्हटलं, "राहू द्या."