खटल्याचा दुसरा भाग

माझ्या आजोळच्या गावी शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते. चांदीची रुपं, म्हणजे देवीचे मुखवटे, पालखीत बसवतात. पालखी प्रत्येक अंगणात थांबते, नाचते, ओटी घेते. फक्त एका अंगणात थांबत नसे, ते माझ्या मामाचं. त्या वळणावर ढोल बंद व्हायचा, पालखीवाले भराभर चालायचे आणि पुढच्या घराच्या गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, ढोल पुन्हा सुरू व्हायचा. लहानपणी मला वाटायचं, तिथे उतार आहे म्हणून घाई करत असतील.

खरं कारण फार जुनं. मामाच्या खापरपणजोबांनी देवीचं एक रूप चोरलं, असं गाव म्हणतं. गावाकडे पुरावा आहे आणि तोही छापील. त्या काळी गाजलेल्या खटल्यांच्या हकीकती पुस्तिका करून विकत असत. देवीच्या भांडाराची किल्ली खापरपणजोबांकडे असायची. त्यांच्यावर रत्नागिरीच्या सेशन कोर्टात खटला चालला, तेव्हा कुणा छापखानेवाल्याने त्याचीही हकीकत काढली. तिची एक प्रत देवळाच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेली आहे. तिच्यात फिर्याद आहे, आरोपीने चांदी विकल्याची सोनाराची जबानी आहे, आणि देवीने विरुद्ध कौल दिल्यावर आरोपीने पोलीसपाटलासमोर दिलेला कबुलीजबाब आहे. तिथेच पुस्तिका संपते. निकाल काय लागला, हे कुणी विचारलं नाही. कबुली छापलेली आहे म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं?

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील शाळामास्तर. मोर्चांची, सभांची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं आमच्या पलंगाखाली गठ्ठ्यांनी असत. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’पासून. खोटं छापलं गेलं तर खरं छापायचं, लोक वाचतात आणि बदलतात, हे मी इतक्या लहानपणी गिळलं की त्याची चव कशी आहे ते कधी तपासलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी मी रत्नागिरीतल्या एका जुन्या वाचनालयात पुस्तकांची यादी करायच्या कामावर होते. धुळीने नाक भरायचं, संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. जुन्या पंचांगांच्या एका बाडात मधेच तीसेक पानं वेगळ्या कागदाची शिवलेली निघाली. वर गावाचं नाव, खटल्याचं नाव आणि खाली ‘भाग दुसरा’.

मी उभ्यानेच वाचलं. आरोपीला चावडीत दोन दिवस उपाशी ठेवल्यावर त्याने कबुली दिली होती. सोनाराला कोर्टात चांदी ओळखता आली नाही. न्यायाधीशाला सल्ला द्यायला बसलेल्या दोन्ही असेसरांनी गुन्हा शाबीत नाही असं मत दिलं, न्यायाधीशाने ते मानलं आणि माणूस निर्दोष सुटला. मलपृष्ठावर प्रकाशकाची तक्रार होती, की दुसऱ्या भागाला पहिल्याच्या निम्मेही वर्गणीदार आले नाहीत. आमच्या गावातून तर एकही आला नसणार.

मामाला फोन केला. तो पोफळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन गावी एकटा राहतो. मामी गेली, माझी आईही गेली.

“निर्दोष? शब्द तोच हाय?”

“तोच आहे.”

तो म्हणाला, “मग पालखी येईल काय गो?”

तो दुसरं काही विचारील, चिडेल, रडेल असं मला वाटलं होतं. त्याने पुन्हा तेच विचारलं. “यंदा येईल काय?”

“आलीच पाहिजे,” मी म्हणाले.

मी चार पानी पत्रक लिहिलं. उलटतपासणी जशीच्या तशी घातली, पुस्तिकेच्या पानांचे फोटो घातले, शेवटी गावाला दोन खडे बोल सुनावले. शिमग्याला पंधरा दिवस असताना घरोघर वाटलं. कुणी पत्रक परत केलं नाही. कुणी काही बोललंही नाही. एका काकूंनी ते माझ्यासमोरच घडी घालून तांदळाच्या डब्याखाली सारलं. “डबा हलत होता,” म्हणाल्या.

रविवारी देवळाच्या सभामंडपात गावकीची बैठक बसली. मी बायकांच्या बाजूला, खांबाशी. गावचे मानकरी, सत्तरीचे गृहस्थ, यांनी चष्मा लावून पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांसमोर वाचलं. निदान वाचलं.

“छान लिवलंस. मास्तरांची लेक शोभतेस,” ते म्हणाले. “पण बाय, हे सोडलं ते सरकारने. देवीने खंय सोडलं?”

“सरकारने नाही, पुराव्याने सोडलं. कबुली उपाशी ठेवून घेतलेली होती.”

“कौल काय उपाशी होता?”

सगळे हसले. मला हे हसणं नवं नव्हतं, पण त्या दिवशी ते फार जड वाटलं.

कौल म्हणजे देवीला विचारणं. गुरव पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या मूर्तीला लावतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुसऱ्या भागात आरोपीच्या वकिलाने तेव्हाच्या गुरवाला एवढंच विचारलं होतं, की कमी ओली पाकळी आधी सुटते ना? गुरव हो म्हणाला होता. मी हे पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं आणि आता मोठ्याने वाचून दाखवलं.

“तू पाकळ्यांचं शास्त्र सांगू नकोस,” मानकरी म्हणाले. “देवीलाच परत विचारू. ती म्हणेल तसं.”

“ज्या कौलाने माणूस अडकवला त्याच कौलाने आता सोडवणार? असं घर वगळणं गुन्हा आहे. कायदा आहे त्याला. मामाने सही केली की मी उद्या तक्रार देते.”

तक्रारीचा कागद माझ्या पिशवीत तयार होता. सगळे मामाकडे बघत होते, मीही. तो चटईच्या काड्या मोडत बसला होता.

“लावा कौल,” तो म्हणाला.

परतताना मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं. घर आलं तेव्हा म्हणाला, “तू म्हणतेस ते सगळं बरोबर हाय. पण पोलीस घेऊन आलेली पालखी मला नको. आणि कागद वाचून पालखी वळत नाय गो. मला एकदा अंगणात हवी हाय, बस.”

“आणि डावी पाकळी पडली तर?”

“तर काय! आजवर पडलेलीच होती ना?”

त्याच्याशी भांडायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. परक्या माणसांशी भांडता येतं, मामाशी कसं भांडायचं?

मंगळवारी सकाळी कौल लागला. हल्लीचा गुरव माझ्याच वयाचा, एरवी स्टँडवर रिक्षा चालवतो. पत्रक घेताना तो एक अक्षर बोलला नव्हता, खिशात घालून निघून गेला होता. पालखी मामाच्या अंगणात न्यावी काय, असं मानकरी देवीला गाऱ्हाणं घालू लागले, सगळे “होय महाराजा” म्हणू लागले. मी खांबाशी जिथे उभी होते तिथून गुरवाचे हात दिसत होते. एक पाकळी त्याने पाण्यातून काढली तशीच ओली डाव्या बाजूला लावली. दुसरी काढली, पंच्याच्या काठाला हलकेच टिपली आणि उजव्या बाजूला लावली. मग मागे सरकला आणि हात जोडले.

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आतच उजवी पाकळी पडली.

मंडपात एकच गलका झाला. मामा जागच्या जागी खाली बसला. गुरवाने मान वळवली, त्याची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच थांबली. मी पाहिलं आहे, हे त्याला कळलं होतं.

मला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मीच छापलं होतं. बोलले असते तर कौलाचं ढोंग सगळ्या गावासमोर उघडं पडलं असतं, आणि पालखी मामाच्या वळणावरून नेहमीसारखी भराभर पुढे गेली असती. मी खांबाला टेकून उभी राहिले. मी काही बोलले नाही.

पालखी आली. मामाने दोन दिवस अंगण सारवलं होतं. घरात दुसरी बाई नसल्यामुळे ओटी मी भरली. खण आणि नारळ हातात घेऊन उभी असताना मानकरी जवळ आले. “बघ, देवीने सोडवलं,” म्हणाले. चेष्टेने नाही, मनापासून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. गुरव पलीकडे पाठ करून उदबत्त्या लावत होता.

ढोल वाजत होता. पोरांनी मामाला पालखीच्या दांड्याखाली ओढलं. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण पोरांच्या बरोबरीने नाचला.

खटला कसा संपला हे गावात आज कुणालाही विचारा, कौलाने संपला असंच सांगतील. वर्षभरात मी तीनदा खरं काय झालं ते लिहायला बसले आणि तीनदा कागद बाजूला सारला, कारण छापलं की ते पहिल्यांदा मामाच वाचणार. गुरवाने केलं त्याला दया म्हणावं की फसवणूक, आणि मी केलं त्याला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता येत नाही. आता हे लिहिते आहे, पण गावाचं नाव घालत नाही.

पालखी नाचवली त्या संध्याकाळी मामाचा खांदा सुजून लाल झाला होता. मी तेल गरम करून आणलं. त्याने वाटी हाताने बाजूला केली.

“राहू दे गो,” म्हणाला. “दुखू दे जरा.”