पाणी चढल्याची बातमी

महाडच्या बाजारात माझ्या धान्याच्या दुकानाजवळ एक मोबाईल दुरुस्त करणारा बसतो. प्रत्येक वाक्य "बघा शेठ" म्हणून सुरू करतो आणि स्वतः मात्र फोनकडेच बघतो. सावित्री नदीचं पाणी वाढलं की पुलावरून फोटो काढून सगळे वापरतात त्या साइटवर टाकायचा. त्याच्या भरवशावर आम्ही माल माळ्यावर चढवायचो. एका पावसाळ्यात त्यानं वेळेवर टाकलेला फोटो त्या साइटनं मला दुसऱ्या दिवशी दाखवला, मी दुकानातला चिखल उपसत होतो तेव्हा. भिजलेल्या तांदळाचा राग अजून उतरलेला नाही. ती साइट चालवणाऱ्या कंपनीत भांडायला माणूसच सापडला नाही.

त्यानंतर तो दुसऱ्या साइटवर गेला. "बघा शेठ, हितं कंपनी नाय, मालक नाय. लोकंच आपापला सर्व्हर चालवतात. टाकलं की लगेच दिसतं."

"मालक नाय, तर भांडू कुणाशी?" मी खेकसलो. पुन्हा नवं खातं, नवा पासवर्ड; बाजारातलं कुणीच गेलं नाही.

काल दुपारी तो निथळत दारात आला. "बघा शेठ, पाणी चढतंय. माल वर घ्या."

"तुझ्या तिकडं टाकलंस ना?"

"टाकलं की. पण तुम्ही तिकडं नाय ना."

आणि तो शेजारच्या दुकानाकडे वळला. अख्खा बाजार बाकी होता.