रंग बाहेर सांडतो

आमच्या कॉलेजात संगणकाची लॅब म्हणजे गाभारा. चपला बाहेर, आत एसी, आणि एका यंत्रापुढे दोघी. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला रोल नंबरनं माझ्या वाट्याला आली ती वर्ध्याकडची, हॉस्टेलवर राहणारी मुलगी. मी कोथरूडची, इंग्रजी माध्यमातली, म्हणजे जन्मजात शहाणी. तिच्या 'करून राहिले'ची नक्कल करून मी अख्ख्या बॅचला हसवायची. तीही हसायची. प्रोग्रॅम मात्र सगळे तिचेच. मी शेजारी बसून फ्लॉपी सांभाळायची.

तिचे आधीच दोन विषय राहिले होते. तिसरा गेला की वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर वडील घरी परत नेणार, ही अट मान्य करूनच ती पुण्याला आली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. माणूस मराठीच, पण तेव्हा नव्या कंपन्या शहरात येत होत्या आणि इंग्रजीवाचून कोणाचं पान हलत नव्हतं. आकृतीत रंग भरायचा आमचा प्रोग्रॅम नीट चालला. मग त्यांनी मुद्दाम कडेचा एक ठिपका पुसायला लावला. लाल रंग त्या फटीतून निघाला आणि सगळा पडदा लाल झाला. असं का, त्यांनी तिला विचारलं.

"कडेचा एक ठिपका सुटला का सर, रंग बाहेर सांडून राहते. त्याला अडवणारं कोणी नाही ना मग."

इंग्रजीत सांगा, ते म्हणाले. ती पडद्यावरच्या फटीकडे नुसतं बोट दाखवत राहिली. ते माझ्याकडे वळले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी तिचंच वाक्य इंग्रजीत म्हटलं. ते खूश झाले. प्रोग्रॅम कोणी लिहिला, असं विचारल्यावर मी खुशाल सांगितलं, दोघींनी.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आत जाऊन सांग ना, तो माझा आहे म्हणून."

आता कशाला त्यांच्या तोंडी लागायचं, होशील पास, असं म्हणून मी तिला गप्प केलं. माझे मार्क कापतील ही भीती, दुसरं काही नाही. आजही माझी मलाच किळस येते.

ती नापास झाली. वडील तिला न्यायला आले. हॉस्टेलच्या फाटकाशी मला पाहून त्यांनी हात जोडले.

"पोरगी नेहमी सांगे, तुम्ही होत्या म्हणून इथवर निभलं."

ती वळकटी धरून शेजारीच उभी होती, माझ्याकडे बघत.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले.