गाळणीतली धूळ

उभ्या बडोद्यात माझ्या थोरल्या साडूंइतक्या प्रामाणिकपणे लबाडी करणारा माणूस दुसरा झाला नसेल. पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. घोडे गेले, टाच मारायची खोड तेवढी साडूंच्या उजव्या पायात उरली. बाजारात नव्या डिझेल गाड्या आल्या तेव्हा त्यांनी एक घेतली आणि लगोलग बाजवा गावातल्या गॅरेजवाल्या मित्राकडून तिच्या कम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून घेतला. गाडी उधळल्यासारखी पळू लागली. अडचण एकच, असा हात लावला की कंपनीची वॉरंटी जाते. म्हणून दर सर्व्हिसिंगआधी साडू मूळ प्रोग्राम परत घालून घेत आणि कम्प्युटरच्या उघडलेल्या डब्यावर, कोणी हात लावलाच नाही असं वाटावं म्हणून, अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, चहाच्या गाळणीने गोत्रीतल्या घरासमोरची धूळ एकसारखी चाळत. मग शोरूमपर्यंत गाडी इतकी सावकाश नेत की मागून सायकलवाले घंटी वाजवत. "साडूभाऊ, कोणाला खबर नाही पडणार," असं मला वर डोळा मिचकावून सांगत.

हीच विद्या ते स्वतःच्या मधुमेहावरही चालवीत. रक्ततपासणी जवळ आली की आठवडाभर कारल्याचा रस, सोसायटीभोवती फेऱ्या. देवळातला पेढासुद्धा कपाळाला लावून परत करायचे. रक्त देऊन झालं की लॅबमधून परस्पर जिलबीच्या दुकानात. रिपोर्ट चांगला आला म्हणून अक्का देवापुढे साखर ठेवत, आणि ती साखरही हेच खात. अक्का बिचाऱ्या त्या कागदाच्या भरवशावर निर्धास्त झोपत.

मग करजणजवळ हायवेवर इंजिनच बसलं. साडूंनी गाडी ओढून आधी घरी आणली. मूळ प्रोग्राम, धूळ, सगळे सोपस्कार केले आणि मगच शोरूम गाठलं. तिथल्या इंजिनियरने वायर जोडली, पडद्याकडे पाहिलं. "काका, प्रोग्राम केटली वार बदलायो, ए गाडी याद राखे छे," तो शांतपणे म्हणाला. प्रोग्राम किती वेळा बदलला, याची नोंद गाडीतच होती. वॉरंटी गेली. साडूंना राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं. "जबरी हं!" म्हणत त्यांनी बॉनेट थोपटलं.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या उजव्या पायाची जखम चिघळली. डॉक्टरांनी वेगळीच तपासणी सांगितली. ती म्हणे मागच्या तीन महिन्यांची साखर दाखवते. कारल्याच्या रसाला ती बधली नाही. "यात पण लिहिलेलं राहतं?" साडूंनी विचारलं. अक्का बाकावर बसून रिपोर्टवरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचू लागल्या. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

आता त्यांची गाडी मी चालवतो. इंजिन दुरुस्त झालंय, प्रोग्रामही मूळचाच आहे. परवा करजणच्या वाटेवर मोकळा रस्ता लागला. मागच्या सीटवर अक्कांचा डोळा लागला होता. शेजारी बसलेल्या साडूंची उजवी मांडी एकाएकी ताठ झालेली दिसली. नसलेल्या पायाने ते अॅक्सिलरेटर दाबत होते. मी भित्रा माणूस, पण वेग वाढवला.

"कोणाला खबर नाही पडणार," मी हळूच म्हणालो.

साडूंनी आरशातून झोपलेल्या अक्कांकडे पाहिलं.

"पडते हो," ते म्हणाले. "सावकाश चालवा."