मामाच्या वेलीज दारात नव्हत्या

सॉरी, शुद्धलेखन चुकेल. शाळा पंधराव्या वर्षी सुटली आणि फोनवर एका बोटानं लिहितेय. सकाळपासून एवढंच झालंय.

मामा गेला.

तुम्ही बरेच जण त्याला स्टॅनमोरचे डॉक्टर म्हणून ओळखता. गणपतीत माइक धरून "मोदक एकेकच घ्या" म्हणणारे, ते.

मला आठवतोय तो त्याच्याही आधीचा. स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला होता तेव्हाचा.

बहात्तर साल असेल. मी सोळाची, कॉव्हेंट्रीत शाळा सोडून घरी बसलेली. वर्गात माझं नाव घेतलं की घशातून आवाजच निघायचा नाही. टीचर म्हणायच्या, "स्पीक अप." मी अजूनच बारीक.

आई म्हणाली, मामीला सातवा महिना लागलाय, जा तिच्याकडे. तिथे कोणी तुला बोलायला लावणार नाही.

खरंच होतं ते. शेजारी एकच घर, बांधापलीकडे. त्यात म्हातारा डोनाल्ड आणि त्याची कुत्री.

मामा तिथल्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. रविवारी दुपारी मोकळा झाला की निघाला फिरायला.

रस्ते दोनच. एक कड्याच्या कडेनं लाइटहाउसपर्यंत. दुसरा मूरवरून, म्हणजे उघड्या माळावरून, तळ्यापर्यंत. तिथे लोक पीट काढायचे. काळी ओली माती, वाळवून घरात जाळायची.

दोन्ही रस्ते सपाट. मामा म्हणायचा, "पर्वती चढलेल्या माणसाला ही काय वॉक? आजीबाईंचे रस्ते हे!"

घरात नियम एकच. तो निघाला की "कुठे?" विचारायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं. मामीनं पोळी तव्यावर तशीच सोडली.

"अगं, जाणाऱ्याला 'कुठे' करतात का? अहो, बसा आता दोन मिनिटं. पाणी प्या, मग निघा."

मामा बिचारा कोट-टोपी घालून सोफ्यावर बसला. पाणी प्यायला. मग निघाला.

त्या रविवारी कोणी विचारलं नाही. "येतो गं," म्हणाला आणि गेला.

अडीचला समुद्रावरून धुकं आलं. दहा मिनिटांत डोनाल्डचं घर दिसेना.

चार वाजले. मामी म्हणाली, "येतील."

पाच वाजले. तिनं चहा तिसऱ्यांदा गरम केला.

"फोन करूया का हॉस्पिटलला?" मी विचारलं.

"नको. फोन केला की खरंच काहीतरी झालं असं होतं."

मग पोटावर हात ठेवून खिडकीकडे बघतच म्हणाली, "तू जा ना डोनाल्डकडे. मला या धुक्यात नाही जमायचं."

मी? इंग्लिशमध्ये?

तरी कोट घातला. दारात पोचले आणि थांबले.

मामाचे चॉकलेटी बूट तिथेच होते. वेलीज, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, त्या नव्हत्या.

लाजरी माणसं खाली बघत असतात, त्यामुळे मला सगळ्यांचे पाय पाठ. कड्याला जाताना मामा बूट घालायचा. चिखलात जायचं असलं तरच वेलीज.

डोनाल्डनं दार उघडलं. माझ्याकडे बघूनच त्याला कळलं असणार.

"द डॉक्टर? व्हेअर वॉज ही गोइंग, लॅस?"

कुठे. जे आमच्या घरात कोणी विचारायचं नाही, तेच.

मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले.

"लाइटहाउस?" कोट चढवत तो कड्याच्या बाजूला निघालासुद्धा. कुत्री पुढे.

तो तिकडे गेला असता तर सगळा वेळ तिकडेच गेला असता. मी त्याची बाही धरली.

"नो. मूर. वेलीज गॉन. शूज हिअर."

तो थांबला. "गुड गर्ल. नाउ यू कम अँड शाउट. ही नोज युअर व्हॉइस."

माझा आवाज? तो तर मलाच माहीत नव्हता.

माळावर आपलाच हात दिसेना. पायाखाली रस्ता आहे की नाही, तेही कळेना.

"शाउट."

"मामा."

"द डॉग डिडन्ट हिअर दॅट वन."

परत ओरडले. काही नाही. मला एकदम मामीचा तो तिसरा चहा आठवला. आणि काय झालं माहीत नाही, छाती फाटेल असा आवाज निघाला.

"मामाऽऽऽ!"

लांबून, डावीकडून, "ओऽऽ! इकडे!"

पीटच्या ढिगाला टेकून बसला होता. घोटा सुजलेला, ओठ निळे. एक वेली पायात, दुसरी चिखलात गेलेली. मुठीत पांढरी कापसासारखी फुलं. मामीसाठी ती तोडायला रस्ता सोडून दहा पावलं आत गेला होता. फक्त दहा.

"कोण ओरडलं गं ते? तू? मला वाटलं डोनाल्डची गाय सुटली."

मग दात वाजत असताना हळूच म्हणाला, "सगळे कड्यावरच शोधतील असं वाटत होतं मला."

मामीनं त्यानंतरही कधी "कुठे" विचारलं नाही. पण पुढच्या वॉकपासून तो चहाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवायला लागला. "तळं. साडेचारपर्यंत." तो कोपऱ्यावर वळल्याशिवाय ती चिठ्ठी बघायची नाही.

तेव्हापासून एवढी वर्षं. स्टॅनमोरलाही. "बँक, मग केस कापून."

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात मी भेटायला गेले तर बेड रिकामा. उशीखाली बघितलं. "एक्स-रे. जेवायच्या आत." वाकडंतिकडं, पण होतं.

आज सकाळी परत उशी उचलली.

घरी येऊन चहाचा डबाही उचलला. मामी बघत होती.

"नाही ना?"

"नाही."

ती म्हणाली, "बरं. चहा टाक."

नीट जा, मामा. कुठे ते विचारत नाही.

आणि हो, कौन्सिलचं पत्र आलंय. कचऱ्याच्या बिन्स आता मंगळवारी नाही, गुरुवारी नेणार.